मूल ‘हो’ म्हणतं तेव्हा

(कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



उद्या सकाळी तुम्ही जोडीजोडीनं वस्तीत जाणार आहात. तीन ते दहा वर्षांच्या मुलांची माहिती घ्यायची आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्यासाठी रविवारचा अभ्यासवर्ग सुरू करायचा, असं ठरलंय. मुलांशी कसं बोलावं याबद्दल मी चार गोष्टी सांगाव्यात, असं आयोजकांचं म्हणणं आहे. मी बरीच वर्षं बालवाडीच्या शिक्षिकांना प्रशिक्षण देते आणि आठवड्यातले दोन दिवस एका कौटुंबिक सल्ला केंद्रात बसते. त्यामुळे चार काय, चाळीस गोष्टी सांगता येतील. पण आज एकच धरून ठेवते. लहान मूल मोठ्या माणसाच्या प्रश्नाला ‘हो’ का म्हणतं, आणि त्या ‘हो’चं आपण पुढे काय करतो?

विषय किरकोळ वाटेल. पण या ‘हो’वर शाळा ठरवते की मुलाला समजलं. डॉक्टर ठरवतात की इथेच दुखतंय. आईबाप वेगळे होतात तेव्हा दोन्हीकडचे नातेवाईक या ‘हो’च्या जोरावर भांडतात. आणि या ‘हो’वर माणसं तुरुंगातही गेली आहेत. त्याकडे मी येईनच.

आधी वयाचं बोलू. कॅनडातल्या फ्रिट्झली आणि कांग ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना वस्तू दाखवायच्या, काही रोजच्या ओळखीच्या, काही कधीच न पाहिलेल्या, आणि ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच येतं असे प्रश्न विचारायचे. दोन वर्षांच्या मुलांचा कल सरसकट ‘हो’कडे होता. वस्तू ओळखीची असो वा नसो. तीन वर्षांच्या मुलांचं काही नक्की नव्हतं, कधी असं, कधी तसं. चार-पाच वर्षांच्या मुलांना प्रश्न समजला तर ती नीट उत्तर द्यायची. पण प्रश्नच कळण्यासारखा नसेल, तर या थोड्या मोठ्या मुलांचा कल उलटा, ‘नाही’कडे झुकलेला दिसला.

हे शेवटचं वाक्य लक्षात राहू द्या, मला ते पुढे लागणार आहे.

नंतर जपानमध्ये ओकांडा आणि इताकुरा यांनी जपानी आणि व्हिएतनामी मुलांची तुलना केली. अगदी लहान वयात ‘हो’चा कल दोन्हीकडे होता. मूल मोठं होत गेलं तसा दोन समाजांत फरक पडत गेला. म्हणजे सुरुवात वयाची असते, आणि पुढे घर आणि समाज त्यात आपली भर घालतात. आपल्या मुलांवर असा अभ्यास झाला तर काय दिसेल याचा अंदाज मला आहे, पण अंदाज हा अंदाजच. त्याऐवजी मी रोज जे पाहते ते सांगते.

मूल ‘हो’ का म्हणतं? घरात विचाराल तर दोन उत्तरं मिळतात. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ किंवा ‘खोटं बोलतंय’. मला दोन्ही पटत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाच्या दिवसात डोकावून बघा. त्याला दिवसभर किती प्रश्न विचारले जातात? आणि त्यातले खरोखरच प्रश्न किती असतात? ‘चला, आता अंघोळ करायची ना?’ ‘खालाला सलाम करणार ना आमचं बाळ?’ ‘दूध संपवायचं की नाही?’ हे प्रश्न नाहीत. प्रश्नाचे कपडे घातलेले हुकूम आहेत, लाडानं दिलेले. त्यांना ‘हो’ म्हटलं की घर खूश होतं, कौतुक होतं, पापा मिळतो. ‘नाही’ म्हटलं की तोच प्रश्न पुन्हा येतो, जरा मोठ्या आवाजात. हजार वेळा हे झाल्यावर मुलाला एक नियम कळतो आणि तो अगदी बरोबर असतो. मोठ्यांच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असतं.

त्याशिवाय ‘नाही’ म्हणायला जास्त कष्ट पडतात. प्रश्न पूर्ण ऐकायचा, डोक्यात धरून ठेवायचा, स्वतःला जे माहीत आहे त्याच्याशी ताडून बघायचा, आणि तोंडावर येत असलेला ‘हो’ अडवायचा. ही अडवण्याची ताकद तीन वर्षांच्या मुलात कच्ची असते. जपानी संशोधकांना हेच सापडलं. ज्या मुलांची भाषा पुढे गेलेली होती आणि ज्यांना स्वतःला आवरता येत होतं, त्यांच्यात ‘हो’चा कल कमी होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलाचा मोठ्यांवर विश्वास असतो. मोठा माणूस उगाच काहीतरी विचारणार नाही, त्याच्या प्रश्नाला काहीतरी अर्थ असणारच, असं ते धरून चालतं. १९८० मध्ये ह्यूज आणि ग्रीव्ह या दोघांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारले. दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? तुम्ही हसलात. ती मुलं हसली नाहीत. बहुतेकांनी गंभीरपणे उत्तरं दिली आणि वर कारणंही दिली. दूध मोठं, कारण त्याला रंग असतो, अशा धर्तीची. मूर्ख मुलं होती का ही? मुळीच नाही. समोरच्यानं केलेल्या बिनबुडाच्या प्रश्नाला बूड मिळवून देण्यासाठी त्यांनी डोकं लढवलं. प्रश्न विचारणाऱ्याची अब्रूच राखली म्हणा ना.

याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन काम करत होत्या. बी.एड. किंवा डी.एड. केलेल्यांना पियाजेचा प्रयोग माहीत असेल. मुलासमोर दोन ओळींत सारखी बटणं मांडायची आणि विचारायचं, दोन्हीकडे सारखी आहेत का? मूल म्हणतं, हो. मग एक ओळ जरा पसरून ठेवायची आणि पुन्हा तेच विचारायचं. आता मूल म्हणतं, या लांब ओळीत जास्त आहेत. यावरून पियाजेनं काढलेला निष्कर्ष असा की लहान मुलाला संख्या कायम राहते हे कळत नाही. डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी मॅकगॅरिगल यांनी १९७४ मध्ये एवढाच बदल केला, की बटणं मोठ्या माणसानं हलवायची नाहीत. खोक्यातून एक खोडकर टेडी बाहेर येतो, खेळ बिघडवतो, ओळ विस्कटतो आणि पळतो. मग तोच प्रश्न. आता कितीतरी जास्त मुलांनी सांगितलं, सारखीच आहेत.

थोडं थांबून विचार करा, इथे काय घडलं. तुमच्या शिक्षकांनी एकदा उत्तर मिळाल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारला तर तुम्ही काय समजता? पहिलं उत्तर चुकलं. मूलही तेच समजतं. त्यात मोठ्या माणसानं समोर काहीतरी हलवलं, म्हणजे त्याला काहीतरी बदल झालेला हवा असणार. मूल बटणं मोजत नव्हतं, माणूस वाचत होतं. आपण मात्र गणिताचे गुण कापून मोकळे झालो.

आता आपल्या भाषेकडे येते, कारण मराठीत या बाबतीत एक खास गंमत आहे. आपल्याकडे ‘ना’ नावाचं एक इवलंसं अक्षर आहे. ‘तू जेवलास का?’ हा प्रश्न आहे. ‘तू जेवलास ना?’ यात उत्तर आधीच ठेवलेलं आहे, मुलानं फक्त उचलायचं. उद्या तुम्ही बोलत असताना तुमच्या जोडीदारानं फक्त ‘ना’ मोजावेत. दहा मिनिटांत किती निघतात ते संध्याकाळी ऐकायला मला आवडेल.

दुसरी अडचण नकारातल्या प्रश्नांची. ‘तू काल शाळेत गेला नाहीस ना?’ मूल म्हणालं, ‘हो.’ याचा अर्थ काय? ‘हो, नाही गेलो’ की ‘हो, गेलो होतो’? मोठी माणसंसुद्धा यात घोळ घालतात. चार वर्षांच्या मुलानं काय करावं?

आणि तिसरी अडचण खास आपल्या घरांतली. कोकणातल्या मुस्लीम घरात एक बोली, सोलापूर-मराठवाड्यात दखनी, काही घरांत उर्दू, आणि शाळा मराठी. सहा वर्षांचं मूल पहिलीत जातं. बाई विचारतात, ‘सगळ्यांचं गिरवून झालं का?’ अख्खा वर्ग सुरात म्हणतो, ‘हो बाई!’ मागच्या रांगेतलं आपलंही मूल म्हणतं, ‘हौ बाई.’ त्याला गिरवणं म्हणजे काय ते माहीत नाही. बाई पुढच्या धड्याकडे जातात. महिन्या-दोन महिन्यांनी मूल मागे पडलेलं दिसतं. तेव्हा बाईंना वाटतं की घरी अभ्यास घेत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं की शाळेत लक्ष देत नाहीत.

आता मघाचं वाक्य आठवा. थोड्या मोठ्या मुलाला प्रश्न कळला नाही तर त्याचा कल ‘नाही’कडे जातो. मी असं मूल पाहिलंय. बाई विचारतात, ‘तुला चित्र रंगवायला आवडेल का?’ मूल म्हणतं, ‘नाही.’ ‘गाणं म्हणणार?’ ‘नाही.’ शेरा पडतो: हट्टी आहे, मिसळत नाही. तिथल्या मदतनीस ताईंनी तेच दखनीत विचारलं, तर मूल खडू घेऊन खाली बसलं. बाई वाईट नव्हत्या, चाळीस मुलं सांभाळत होत्या. पण नोंद कसली झाली? मुलाला काय येतं याची की काय आवडतं याची? झाली ती फक्त एका न समजलेल्या वाक्याची नोंद. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या पुष्कळ लोकांकडे नाही ते तुमच्याकडे आहे. उद्या ते वापरा. मूल ज्या भाषेत आईशी भांडतं त्या भाषेत त्याला विचारा.

घरातल्या अदबीबद्दलही बोललं पाहिजे. बडों को जवाब नहीं देते, हे ऐकत आपण सगळे वाढलो. शेजारच्या हिंदू घरातही मोठ्यांना उलटून बोलू नये हेच शिकवतात, तेव्हा ही काही आपलीच मिरास नाही. अदब मला प्रिय आहे. दादी खोलीत आली की उठून उभं राहणारी मुलं मला आवडतात. पण ‘जी’ म्हणणं आणि ‘हे खरं आहे’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरात आपण त्यांची सरमिसळ करून टाकतो. जे मूल ‘नहीं चाचा, ऐसा नहीं हुआ’ एवढं शांतपणे म्हणू शकतं ते बेअदब आहे असं मी मानत नाही. त्याला कधीतरी हे वाक्य फार गरजेच्या वेळी लागणार आहे.

सल्ला केंद्रातली एक गोष्ट सांगते. नाव, गाव, सगळं बाजूला ठेवते. नवराबायको वेगळे राहत होते आणि सहा वर्षांची मुलगी कुणाकडे राहील यावर वाद होता. आईकडची माणसं म्हणाली, ‘आम्ही मुलीला विचारलंय. तिला अब्बाकडे जायचंच नाही.’ बापाकडची माणसं म्हणाली, ‘आम्हीही विचारलंय. तिला इकडेच यायचंय.’ दोन्ही घरं एकमेकांना खोटारडी म्हणत होती. मी दोघांना एकच विचारलं, ‘नेमकं कोणत्या शब्दांत विचारलं?’ नानी म्हणाल्या, ‘तुला अब्बाकडे जायचं नाही ना बेटा?’ मुलीनं मान हलवली होती. दादी म्हणाल्या, ‘अब्बाकडे यायचं ना माझ्या राणीला?’ मुलगी ‘हो’ म्हणाली होती. कुणीच खोटं बोलत नव्हतं. मुलीनं दोन्ही आज्यांना आज्यांचंच वाक्य परत दिलं होतं.

मग ती माझ्याबरोबर बसली. मी घराचा विषयच काढला नाही. खेळणी मांडली आणि थोड्या वेळानं म्हटलं, ‘अब्बांच्या घरी सकाळी काय काय होतं ते सांग.’ तिनं गच्चीवरची कबुतरं सांगितली, एकेकाचं नाव सांगितलं. मग सांगितलं की जिना अंधारा आहे आणि रात्री अंथरूण ओलं झालं की सगळ्यांसमोर ओरडतात. ‘आणि नानीच्या घरी?’ तिथे मामूची मुलं आहेत, पण तिची वही ती फाडतात. अर्धा तास ती बोलत होती. एकदाही तिनं कुणाकडे राहायचं हे सांगितलं नाही आणि मी ते विचारलं नाही. तो प्रश्न सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवण्याचा नव्हताच. पालक आणि पाल्य कायदा १८९० सालचा आहे. त्यातही न्यायालय मुलाची पसंती विचारात घेऊ शकतं ते केव्हा, तर समजून पसंती ठरवण्याइतकं मूल मोठं असेल तेव्हा. पण कबुतरं, जिना, अंथरूण, वही हे सगळं दोन्ही घरांच्या कामाचं होतं. अंथरुणावरून ओरडणं थांबलं पाहिजे यावर पहिल्यांदाच दोन्ही आज्यांचं एकमत झालं. ते प्रकरण पुढे बराच काळ चाललं.

आता त्या तुरुंगाच्या गोष्टीकडे येते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात केली मायकल्स नावाची एक तरुण बालवाडी शिक्षिका होती. तिच्यावर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले आणि १९८८ मध्ये ११५ आरोपांत दोषी ठरवून तिला ४७ वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षं ती तुरुंगात होती. १९९३ मध्ये अपील न्यायालयानं शिक्षा रद्द केली. १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या मुलाखती कशा घेतल्या गेल्या यावर बोट ठेवलं. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा, उत्तर आधीच प्रश्नात, ‘बाकीच्यांनी सांगितलंय, तूही सांग’ असा दबाव, आणि हवं ते उत्तर दिलं की शाबासकी. मुलांनी ‘नाही’ म्हटलेलं कुणाला ऐकायचंच नव्हतं. त्याच काळात कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण गाजत होतं. तिथे शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, खटला १९९० पर्यंत चालला आणि शेवटी एकही दोषी ठरला नाही.

गार्व्हन आणि तिच्या सहकाऱ्यांनी नंतर एक साधी चाचणी घेतली. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. बालवाडीत एक अनोळखी माणूस आला, गोष्ट सांगितली, खाऊ दिला, गेला. आठवड्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्याच्याबद्दल विचारलं, आणि त्यात त्यानं न केलेल्या गोष्टीही घातल्या. नुसते सूचक प्रश्न विचारले तेव्हा न घडलेल्या गोष्टींना सुमारे १७ टक्के ‘हो’ आले. मग मॅकमार्टिनच्या मुलाखतींत वापरलेल्या पद्धती त्यात मिसळल्या: दुसरी मुलं हो म्हणालीत, तू किती हुशार, नीट विचार कर बरं. ‘हो’ ५८ टक्क्यांवर गेले. आणि हे सगळं अवघ्या काही मिनिटांच्या बोलण्यात.

आता इथे मला तुम्हाला सावध करायचं आहे. ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, ‘बघा, मुलं काहीही सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.’ आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य आधीच फार सोयीनं वापरलं जातं. मूल घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाबद्दल काही बोललं की पहिली धाव ते दाबण्याकडे असते. घराण्याची इज्जत, मोहल्ल्यात बोभाटा, मुलीचं पुढे कसं होणार. म्हणून हा दुसरा अभ्यास त्याच्या शेजारीच ठेवा. सेविट्झ, गुडमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलींबरोबर तो केला. मुलींची डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी झाली. काहींच्या तपासणीत गुप्तांगाचाही भाग होता, काहींच्या नव्हता. नंतर ‘काय काय झालं सांग’ असं मोकळेपणी विचारलं, तेव्हा ज्यांची तशी तपासणी झाली होती त्यांतल्या बहुतेक मुलींनी ते सांगितलंच नाही. थेट विचारल्यावर मात्र बहुतेकींनी सांगितलं. आणि ज्यांची तशी तपासणी झालीच नव्हती, त्यांच्यापैकी खोटा ‘हो’ फारच थोड्या मुलींचा आला.

म्हणजे मूल दोन्ही दिशांना जातं. मोठ्यांना हवं ते बोलून दाखवतं, आणि मोठ्यांना नकोसं वाटेल ते गिळूनही टाकतं. दोन्हीचं मूळ एकच आहे. ते सतत आपल्या तोंडाकडे बघत असतं. म्हणून खोटं बोलतं की खरं हा वाद मुलाबद्दल घालण्याआधी, आपण काय विचारलं आणि कोणत्या चेहऱ्यानं विचारलं ते पाहावं लागतं.

आपल्या कायद्यात याची जाण बरीच आलेली आहे. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, सांगतो की मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, पोलिसांनी गणवेशात येऊ नये, मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असावं आणि मुलानं जसं सांगितलं तसंच लिहावं. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. पुन्हा पुन्हा मुलाला बोलवायचं नाही. कागदावर हे उत्तम आहे. पण पोलिसांकडे जाईपर्यंत त्या मुलाला अम्मीनं, खालानं, शेजारणीनं आणि एखाद्या उत्साही कार्यकर्त्यानं दहा वेळा विचारून झालेलं असतं. त्यातला तो कार्यकर्ता तुम्ही होऊ नका.

समजा उद्या एखादं मूल तुमच्याशी बोलता बोलता असं काही बोललं. तपास करणं हे तुमचं काम नाही. ‘त्यानं तुला हात लावला ना?’ असं विचारायचं नाही. चेहरा शक्य तितका साधा ठेवायचा. ‘सांग मला त्याबद्दल’ किंवा ‘मग काय झालं?’ एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. मूल थांबलं तर थांबू द्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येक माणसावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. वस्तीबाहेर पडल्या पडल्या मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत जसेच्या तसे लिहा, तुम्ही काय विचारलं होतं तेही लिहा. शिबिरप्रमुखांना लगेच गाठा, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच असू द्या.

पण तुमची बहुतेक मुलं असं काही सांगणार नाहीत. ती सांगतील शेळीबद्दल, शाळेबद्दल, भावानं पाटी फोडली त्याबद्दल. तिथेही तीच पद्धत चालते. आधी मोकळा प्रश्न विचारा, मग हवा तेवढा नेमका, आणि ‘हो’ आलं की त्यावर न थांबता ‘म्हणजे कसं, सांग ना’ असं म्हणून पुन्हा मोकळा. हा ‘ना’ चालेल, हा आर्जवाचा आहे. सुरुवातीलाच मुलाला सांगा: ‘मला तुझ्या घरातलं काहीच माहीत नाही, तूच सांगायचं. कळलं नाही तर कळलं नाही म्हण. मी चुकीचं बोलले तर मला थांबव.’ आणि नुसतं सांगून सोडू नका, एकदा खेळून घ्या. त्याचं नाव मुद्दाम चुकीचं घ्या. ‘तू समीर ना?’ तो म्हणेल, ‘नाही, मी रेहान.’ ‘शाबास, असंच सांगायचं.’ मोठ्या माणसाला चूक दाखवल्यावर मिळालेली शाबासकी कदाचित त्याच्या आयुष्यातली पहिलीच असेल.

पर्याय देऊन विचारलं की प्रश्न सुटतो, असंही समजू नका. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना ‘हे की ते’ अशा धर्तीचे प्रश्न विचारले. ८५ टक्के वेळा मुलांनी शेवटचा शब्द उचलला. तेव्हा ज्या घरात ‘अब्बा आवडतात की अम्मी?’ हा खेळ चालतो, तिथल्या अम्मी लोकांनी हुरळून जाऊ नये. एकदा ‘अम्मी की अब्बा?’ असं उलटून विचारा.

आता तुमच्याकडचा फॉर्म काढा. माझ्याकडेही एक प्रत आहे. चौथा प्रश्न, ‘मुलाला मराठी वाचता येते का? हो/नाही.’ हा खोडा. मुलाला विचाराल तर ‘हो’ येईल, आईला विचाराल तरी ‘हो’ येईल, पाहुण्यासमोर कोण नाही म्हणेल? ‘प्रथम’ संस्थेनं २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली, तिच्यात ही साधी युक्ती आहे. घरी जाऊन मुलाच्या समोर मजकूर ठेवतात. अक्षरं, शब्द, एक सोपा परिच्छेद, एक गोष्ट. जिथपर्यंत मूल वाचतं तिथे खूण करतात. तुम्हीही तसंच चार ओळींचं कार्ड करून न्या. मराठीत एक आणि उर्दू येणाऱ्यांसाठी उर्दूत एक.

सातवा प्रश्न, ‘शाळेत जायला आवडते ना?’ यातला ‘ना’ कुणी घातला ते मी विचारत नाही. त्याऐवजी लिहा, ‘काल शाळेत काय काय झालं?’ आणि खाली पाच ओळी रिकाम्या सोडा. उत्तराला वेळ लागेल, दिवसाला वीसऐवजी आठ घरं होतील. आयोजकांशी माझं बोलणं झालंय, आठ चालतील.

नववा प्रश्न, ‘घरी कोणी मारते का?’ हा आईच्या समोर, दारात उभं राहून विचारायचा नाहीच. तो या फॉर्ममधून काढायचा. त्याचं काय करायचं ते वर्ग सुरू झाल्यावर, मुलं तुम्हाला ओळखायला लागल्यावर बघू.

बाकीचे प्रश्न तुम्ही जोडीनं तपासा. एकानं सहा वर्षांचं मूल व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. ज्या प्रश्नाला विचार न करता ‘हो’ म्हणता येतं त्याच्यापुढे फुली मारा. अर्धा तास आहे. चहा आल्यावर फुल्या मोजू.